नोटीस कोणाला आणि मोकळं कोण

आमच्या गल्लीत पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या ताईंना आज महापालिकेची नोटीस आली. विनापरवाना जाहिरात फलक, सात दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. फलक केवढा, तर आठ फूट बाय तीन फूट. शटरच्या वर भिंतीला बोल्टने आवळलेला. त्याच गल्लीच्या तोंडाशी विजेच्या दोन खांबांना सुतळी आणि बाइंडिंग तारेने बांधलेला वीस बाय दहाचा वाढदिवसाचा फ्लेक्स आठवडा उलटला तरी तसाच आहे. त्याची खालची दोरी सुटलीय, दुचाकीवाले मान वाकवून जातात. त्याला नोटीस नाही.

नियमाने बघितलं तर ताईंना आलेली नोटीस चुकीची नाही, हे मान्य करावं लागतं. पण दुकानदारांना हा नियम कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून सांगते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली दोन कलमं लक्षात ठेवा. 244 आकाशचिन्हांचं, म्हणजे खांबावर किंवा सांगाड्यावर उभारलेल्या आणि मागे आकाश दिसेल अशा फलकाचं. 245 बाकीच्या जाहिरातींचं. तुमच्याच जागेवर, तुमच्याच धंद्याचा, बिनदिव्याचा फलक असेल तर 245 खाली आयुक्तांची परवानगी लागत नाही. दुकानाच्या खिडकीच्या आतल्या फलकालाही नाही. ही सवलत जाते दोन गोष्टींनी: फलकात दिवे बसवले तर, किंवा तो गच्चीच्या कठड्यावर चढवून आकाशचिन्ह केला तर. आणि तिसरी गोष्ट, जिथे बहुतेक छोटे दुकानदार अडकतात, ती म्हणजे फुकटचा बोर्ड. मोबाइल कंपनीचा, नाहीतर रंगाच्या कंपनीचा माणूस येतो, म्हणतो बोर्ड आम्ही लावून देतो, एक पैसा नको. वर कंपनीचं नाव दोन फुटी अक्षरात, खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव, आत एलईडी. ताईंचा बोर्ड असाच आलेला. मग तो पिको-फॉलच्या धंद्याचा फलक उरत नाही, कंपनीची प्रकाशित जाहिरात होते. कंपनी मोकळी आणि नोटीस ताईंच्या शटरवर.

ताईंपुढे दोन वाटा आहेत. कंपनीचा पत्रा उतरवून साधा, बिनदिव्याचा, स्वतःच्या नावाचा बोर्ड लावायचा. मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही भाषेपेक्षा लहान नकोत. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत 25 नोव्हेंबर 2023 लाच संपली. किंवा दिवे ठेवायचे असतील तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात रीतसर अर्ज करायचा. भाडेकरार, जागामालकाचं ना हरकत पत्र, मिळकतकराची चालू पावती, दुकान नोंदणी, इमारतीच्या दर्शनी बाजूचा फोटो आणि मापं टाकलेला नकाशा जोडायचा. मापं फ्रेमच्या बाहेरच्या कडेपासून द्या. फक्त अक्षरांची मापं दिलीत तर जागेवर मोजणी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. मालकाचं ना हरकत आणि मिळकतकराची थकबाकी, या दोन ठिकाणी सगळ्यात जास्त अर्ज लटकतात. तेवढं आधी बघून घ्या.

आता राग कशाचा आहे ते सांगते. हा सगळा कायदा ज्यासाठी आहे, ती गोष्ट म्हणजे फलक माणसांच्या डोक्यावर पडू नये आणि रस्ता सगळ्यांचा राहावा. ताईंचा बोर्ड कोणाच्या डोक्यावर पडणार होता?

पडतात ते दुसरेच. 13 मे 2024, घाटकोपर, छेडानगर. पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळलं, 17 माणसं गेली. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची, म्हणजे हे क्षेत्रफळात त्याच्या नऊपट. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून महापालिकेच्या परवानगीशिवाय उभं. पुण्यात 5 ऑक्टोबर 2018 ला जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतला सांगाडा कापून काढत असताना पडला, चार जण गेले. 17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात वादळी पावसात आडोशाला थांबलेल्यांवर पडला, पाच जण. तो अनधिकृत होता.

होर्डिंग म्हणजे जमिनीत रोवलेलं शीड आहे. बांधकामावर वाऱ्याचा भार किती धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबईसाठी 44. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले 0.6, उत्तर न्यूटनमध्ये येतं, किलोसाठी त्याला 9.8 ने भागायचं. पुण्याच्या वेगाला चौरस मीटरला साधारण 93 किलो. नेहमीचं 40 बाय 20 फुटांचं होर्डिंग 74 चौरस मीटर भरतं, म्हणजे त्यावर जवळजवळ सात टनांचा रेटा. उंची, भूभाग आणि आकाराचे गुणक त्यावर वेगळे. हा रेटा तीस-चाळीस फुटांवर बसतो आणि उलटवणारा सगळा जोर पायथ्याच्या बेसप्लेटवर, म्हणजे खांबाखालच्या जाड लोखंडी पाटीवर, आणि तिला पायात जखडणाऱ्या अँकर बोल्टवर येतो. घाटकोपरच्या मापाला मुंबईचा वेग लावून बघा, रेटा दीडशे टनांच्या वर जातो.

म्हणून बिघाड वर दिसत नाही, खाली असतो. बेसप्लेटभोवती माती साचते, पावसाचं पाणी मुरतं, रंगाखाली गंज धरतो. नट ढिले होतात किंवा चोरीला जातात. 20 बाय 20 चा दाखला घेऊन नंतर बाजूला आणखी 20 फुटांचा अँगल वेल्ड केला जातो. पाया तोच, रेटा दुप्पट. आणि सांगाडा मजबूत आहे असं स्थिरता प्रमाणपत्र देणारा अभियंता जागेवर न जाता मागच्या वर्षीच्याच कागदावर तारीख बदलून सही करतो. हे मला सगळ्यात संतापजनक वाटतं. काढतानाही क्रम पाळत नाहीत. आधी फ्लेक्स उतरवायचा, सांगाडा क्रेनने धरायचा, मग वरून खाली कापत यायचं.

विभागातल्या माणसांवर मी सगळं ढकलणार नाही. परवाना निरीक्षक मोजकेच, वॉर्ड मोठा, फ्लेक्स उतरवायला गेलं की लगेच फोन येतो. हे खरं आहे. पण उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर 2017 मध्ये सगळ्या महापालिकांना बेकायदा फलकांबद्दल स्पष्ट आदेश दिलेत. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा 1995 चा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पिको-फॉलच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ मिळतो, तर वाटेतल्या त्या दोन खांबांपाशीही थांबता येतं.

माझी मागणी एवढीच की क्रम धोक्याने ठरवा. आधी रस्त्याच्या कडेची मोठी होर्डिंग, रेल्वेची जागा असो की कोणाचीही. मग खांबांवरचे फ्लेक्स, फोटो कोणाचाही असो. दुकानांच्या पाट्या सगळ्यात शेवटी, आणि त्याही नोटिशीआधी एकदा समजावून.

तुम्हाला काही करायचं असेल तर पावसाळ्याआधी तुमच्या चौकातल्या होर्डिंगच्या पायथ्याचा जवळून फोटो काढा, बेसप्लेट आणि बोल्ट दिसतील असा. मग माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. या होर्डिंगच्या परवान्याची प्रत, मंजूर मापं, परवान्याची मुदत आणि शेवटच्या स्थिरता प्रमाणपत्राची प्रत मागा. उत्तराला 30 दिवस असतात, म्हणून मे उजाडायची वाट बघू नका, एप्रिलमध्येच टाका. मंजूर मापं हातात आली की जागेवर जाऊन ताडून बघा आणि फरक दिसला तर फोटोसकट लेखी तक्रार द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.