संदर्भ विभागातील वटवट्या

आमच्या नाशिकच्या वाचनालयात पक्ष्यांची उत्तम पुस्तके आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळले आणि ती घरी मिळत नाहीत, हे त्याच दिवशी काउंटरवर कळले. कादंबरी, आत्मचरित्र, मधुमेहावरचे उपाय यांपैकी काहीही पिशवीत घालून नेता येते; रंगीत चित्रांचा जाडजूड पक्षीग्रंथ मात्र संदर्भ विभागाच्या काचेच्या कपाटातून निघून समोरच्या टेबलापर्यंतच येतो. "काका, हे पुस्तक बाहेर जाणार नाही," असे तेथील ताईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले. पक्षी आत आणता येणार नाही, हे त्यांनी सांगण्याची गरजच नव्हती.

मुळात त्या कपाटापर्यंत पोहोचणेही सोपे नाही. संगणकावर 'पक्षी' हा शब्द घातला की आधी कवितासंग्रह येतात, त्यांतले बहुतेक पक्षी विरहाने व्याकूळ असतात, आणि मागोमाग कुक्कुटपालन येते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात पक्ष्यांचा क्रमांक ५९८ आणि कोंबड्यांचा ६३६.५ आहे; म्हणजे जो पक्षी माणसाच्या ताटात येऊ शकतो, त्याची रवानगी थेट शेतीच्या मांडणीत होते. या व्यवहारी दृष्टीचे मला कौतुक वाटते.

खरी परीक्षा पुढे आहे. सकाळी सोमेश्वरजवळ गोदावरीकाठच्या झुडपात पाहिलेला पक्षी वाचनालय उघडेपर्यंत डोक्यात जपून ठेवायचा असतो आणि मधल्या काळात भाजी, गॅसचा सिलिंडर आणि गंगापूर रोडवरची वाहतूक त्यावरून जात असते. माझा पक्षी अगदी लहान, वरून राखाडी, खालून फिकट बदामी आणि लांब शेपटी उभारून बसणारा होता. टेबलाशी बसेपर्यंत त्याचे पोट पिवळे झाले होते आणि शेपटीविषयी माझी खात्री उरली नव्हती. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा ओळखीच्या मंडळींशी ताडून सांगितला आहे. ही पद्धत शहाणपणाची आहे. अडचण एवढीच, की काही वेळाने स्मरणातला प्रत्येक पक्षी बुलबुलाएवढा होतो.

त्याच सलीम अलींनी अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा महाग्रंथ दहा खंडांचा आहे. हे खंड १९६८ ते १९७४ या काळात निघाले आणि त्यांत पक्षी कुळांनुसार लावलेले आहेत. म्हणजे ज्याला आपला पक्षी कोणत्या कुळातला आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याला तो तत्काळ सापडतो; ज्याला ठाऊक नाही, त्याने दहाही खंड मागवावेत आणि ते उचलून आणणाऱ्या शिपाईमामांच्या नजरेला नजर देऊ नये. वटवट्यांसारखी, म्हणजे झुडपांत वावरणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची, बारीक मंडळी आठव्या खंडात आहेत, आणि आठवा खंड बांधणीला गेलेला होता. शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी माझे वर्णन न विचारता ऐकले आणि "चिमणी असेल," असा निकाल देऊन क्रीडा पान उघडले.

शेवटी ताईंनीच प्रवासवर्णनांच्या रांगेत चुकून बसलेले एक आटोपशीर पक्षीपुस्तक शोधून दिले. हे घरी मिळणारे होते. आधीच्या कोणा वाचकाने त्यात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. हळदी-कुंकू बदक, चक्रवाक, शेकाट्या, चमचा या सर्वांपुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि समासात 'नांदूरमधमेश्वर' असे लिहिलेले होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे जलाशय रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे, आणि तेथील पक्षी आकाराने मोठे, उघड्यावर बसणारे व ओळख पटवून घेण्यास तयार असे असतात. वटवट्यांच्या पानावर मात्र एकही खूण नव्हती. संपूर्ण पानावर एकच मोठे प्रश्नचिन्ह होते.

घरी निवांत वाचल्यावर, उडताना चटचट असा आवाज करणारा आणि पाने शिवून घरटे बांधणारा राखी वटवट्या माझ्या पक्ष्याशी तंतोतंत जुळला, कारण तो आवाज मी ऐकला होता आणि आवाजाचा रंग वाटेत बदलत नाही. त्याच पानावरच्या उरलेल्या मातकट पक्ष्यांबाबत मी काहीही बोलू इच्छित नाही. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणे नियमात बसत नसल्यामुळे त्या प्रश्नचिन्हाला मी तोंडी अनुमोदन दिले आणि पुस्तकाची मुदत वाढवून घेतली.