अर्ध्या सेंटचा हिशेब

वाद सुरू झाला एका वाक्यावरून. फडके रोडच्या कट्ट्यावर मिलिंद म्हणाला, "क्रिस क्रिस्टोफरसन मुळात नट. गाणी लिहायचा ती जोडीला."

दत्ताने चहाचा ग्लास खाली ठेवला. "उलटं आहे. गाणी आधी. सिनेमा त्याला गाण्यांमुळे मिळाला."

मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं. जन्म १९३६ चा, टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिलचा. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला साहित्य शिकला, मग सैन्यात हेलिकॉप्टर पायलट, कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत. १९६५ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक समोर होती. ती सोडून तो गाण्यांच्या धंद्याचं शहर असलेल्या नॅशव्हिलला गेला आणि कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट करायला लागला. १९६६ मध्ये बॉब डिलन तिथे 'ब्लाँड ऑन ब्लाँड' रेकॉर्ड करत होता, तेव्हा हा त्याच इमारतीत ॲशट्रे रिकामे करत होता. पोटासाठी लुइझियानात समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर चालवायचा.

"१९६९ ला रॉजर मिलरने त्याचं 'मी अँड बॉबी मॅगी' म्हटलं," दत्ता बोटांवर मोजत होता. "१९७० ला जॉनी कॅशने 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन', रे प्राइसने 'फॉर द गुड टाइम्स'. ऑक्टोबर १९७० मध्ये गायिका जॅनिस जॉप्लिन गेली. जायच्या काही दिवस आधी तिने रेकॉर्ड केलेलं 'बॉबी मॅगी' मार्च १९७१ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. आणि 'सिस्को पाइक', ज्यात तो पहिल्यांदा नायक झाला, तो १९७२ चा. तोवर त्याची गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून गाजून झाली होती. आता सांग, आधी काय?"

"आधी काय ते सोड," मिलिंद म्हणाला. "घर कशावर चाललं ते सांग. नंबर एकच्या गाण्याचे त्याला किती मिळाले?"

इथे चर्चेला खरा रंग चढला. दत्ताने विटेचा तुकडा उचलला आणि कट्ट्याच्या सिमेंटवर आकडे मांडले. अमेरिकेत तबकडीवर गाणं छापण्याचा कायदेशीर दर १९०९ मध्ये ठरला, दर गाण्याला २ सेंट. तो १९७८ पर्यंत तसाच राहिला, मग २.७५ झाला. म्हणजे जॉप्लिनच्या वेळी जास्तीत जास्त २ सेंट. त्यातला अर्धा प्रकाशकाचा, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचा, अर्धा लिहिणाऱ्याचा. राहिला १ सेंट. पण 'बॉबी मॅगी'वर नावं दोन आहेत. शीर्षकाची कल्पना मॉन्युमेंट रेकॉर्ड्सच्या फ्रेड फॉस्टरने दिली, म्हणून तोही सहलेखक.

"सारखी वाटणी धरली तर अर्धा सेंट," दत्ताने रेघ ओढली. "दहा लाख तबकड्या खपल्या तर एकूण २०,००० डॉलर. प्रकाशक १०,०००. फॉस्टर ५,०००, क्रिस ५,०००. आणि प्रकाशक कंपनीही फॉस्टरनेच काढलेली, म्हणजे त्याच्याकडे दोन खिशांतून पैसा."

"बघ!" मिलिंद म्हणाला. "दहा लाख तबकड्यांचे पाच हजार. नटाला एका सिनेमाचा चेक त्याहून मोठा, आणि तो हातात येतो. म्हणून म्हणतो, माणूस जगला तो पडद्यावर. १९७६ चा 'ए स्टार इज बॉर्न' बघ. समोर बार्बरा स्ट्रायसँड, त्याला गोल्डन ग्लोब."

"आणि त्याच सिनेमातल्या 'एव्हरग्रीन'चं ऑस्कर कुणाला?" शर्वरीने विचारलं. "स्ट्रायसँड आणि पॉल विल्यम्सला. क्रिसच्या हातात त्यातलं एक अक्षर नाही. गाणं ज्याने लिहिलं त्याच्या नावावर ते राहतं, पडद्यावर कोण गातंय याच्याशी त्याचा संबंध नाही."

काका इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "मिलिंद, नटाचा चेक एकदाच येतो का पुन्हा पुन्हा, हे १९६० च्या संपाने ठरवलं. ते समजल्याशिवाय तुझा हिशेब पुरा होत नाही."

काकांनी सांगितलेला भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. १९६० च्या मार्चमध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेने संप केला. गिल्डचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन. सिनेमा टीव्हीवर दाखवला की नटाला पुन्हा पैसे मिळावेत, ही मागणी. तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या सिनेमांना ते पैसे मिळतील, आधीच्या सिनेमांना नाहीत. आधीच्यांच्या बदल्यात स्टुडिओंनी २२.५ लाख डॉलर निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेत एकरकमी टाकले. म्हणजे तीस-चाळीसच्या दशकात ज्यांनी उमेदीची वर्षं पडद्यावर घालवली, त्यांचे सिनेमे रोज रात्री टीव्हीवर दिसत राहिले आणि नटांना दाखवण्यापोटी काही आलं नाही.

"आता होगी कारमायकल घे," काका म्हणाले. "इंडियानात कायदा शिकलेला माणूस, पियानोवर बसला आणि उठलाच नाही. 'स्टारडस्ट' १९२७ चं. 'जॉर्जिया ऑन माय माइंड' १९३० चं, शब्द स्टुअर्ट गॉरेलचे, चाल याची. आणि तो नटही होता. १९४४ चा 'टू हॅव अँड हॅव नॉट', १९४६ चा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज', दोन्हींत पियानोजवळ बसलेला तो. ते सिनेमे त्या कराराबाहेर राहिले. आणि त्याच १९६० च्या नोव्हेंबरमध्ये रे चार्ल्सने त्याचं तीस वर्षांचं 'जॉर्जिया' पहिल्या नंबरवर नेलं. एकाच वर्षी त्याच्या नटपणाचं जुनं खातं बंद झालं आणि चालीचं खातं नव्याने भरायला लागलं."

मिलिंद थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "क्रिसला हे लागू नाही, काका. त्याचे सगळे सिनेमे साठनंतरचे."

"बरोबर," दत्ता म्हणाला. "त्याचं दुखणं वेगळं. नटाचा भाव शेवटच्या सिनेमावर ठरतो. १९८० चा 'हेवन्स गेट' बघ. खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला, तिकीटबारीवर पस्तीस लाखांच्या आसपास. पुढच्याच वर्षी तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी एमजीएमला विकली गेली. क्रिसने त्यात काम वाईट केलेलं नाही, पण नायकाच्या भूमिका आटल्या त्या तिथूनच. १९९६ चा 'लोन स्टार' येईपर्यंत लोक त्याला गंभीर नट म्हणून विसरले होते. त्या सोळा वर्षांत 'बॉबी मॅगी'चा दर एका सेंटानेसुद्धा उतरला नाही."

इथे मात्र मला मिलिंदचं पटलं. तो म्हणाला, "गाणं विकू नका, हे सांगायला सोपं आहे. गायक-गीतकार विली नेल्सनने 'फॅमिली बायबल' ५० डॉलरला विकलं, 'नाइट लाइफ' १५० ला. मूर्ख नव्हता. भाडं थकलेल्या माणसाला पन्नास डॉलर आज लागतात."

"आणि १९६० ला क्लॉड ग्रेने 'फॅमिली बायबल' गाजवलं तेव्हा लेखक म्हणून विलीचं नावही नव्हतं," शर्वरी म्हणाली. "पुढच्याच वर्षी पॅट्सी क्लाइनने विलीचं 'क्रेझी' म्हटलं. ते त्याने विकलं नव्हतं. हा फरक आयुष्यभर पुरतो."

"गायिका-गीतकार डॉली पार्टनचं उदाहरण सगळे देतात," मिलिंदने बोलणं पुढे रेटलं. "एल्व्हिसला तिचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हवं होतं. त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्करने अर्धे प्रकाशन हक्क मागितले, ती नाही म्हणाली. मान्य, मोठं धाडस. पण त्याआधी ती १९६७ पासून काही वर्षं पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात होती, आणि १९७४ मध्ये तेच गाणं तिच्या आवाजात कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं होतं. चूल पेटलेली असली की नाही म्हणता येतं."

"तरी ती रात्रभर रडली, हे तिनेच सांगितलंय," शर्वरी म्हणाली. "आणि चूल पेटलेली असूनही हो म्हणणारे कितीतरी होते. एल्व्हिसने गायचं तर हक्क द्यायचे, हा रिवाजच होता. शिवाय नट म्हणूनही ती गाणं हातात ठेवूनच सेटवर गेली. 'नाइन टू फाइव्ह'च्या सेटवर शॉटच्या मधल्या वेळात तिने लांब ॲक्रिलिकची नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा ठेका धरला, त्यावर गाणं लिहिलं. तीच नखं रेकॉर्डवरही वाजली आहेत. सिनेमा १९८० चा, गाणं १९८१ मध्ये पहिल्या नंबरवर."

मग काकांनी विचारलं, विकलेलं गाणं परत मिळतं का? दत्ताचं उत्तर जसंच्या तसं देतो, कारण यात लोक हमखास चुकतात. १९७८ पासून स्वतः केलेला हक्कांचा करार अमेरिकेत ३५ वर्षांनी रद्द करता येतो. जुन्या गाण्यांना नियम वेगळा, कॉपीराइटपासून ५६ वर्षांचा. पण आपोआप काही होत नाही. रद्द व्हायच्या तारखेच्या किमान २ आणि जास्तीत जास्त १० वर्षं आधी लेखी नोटीस द्यायची, तिची प्रत कॉपीराइट ऑफिसात नोंदवायची. रद्द करण्याची मुदत पाच वर्षांची. ती हुकली की ३५ वर्षांची वाट वाया. आणि गाणं 'कामापोटी लिहिलेलं' असेल, म्हणजे कायद्याने मालकच लेखक ठरत असेल, तर ही वाटच बंद. सिनेमासाठी लिहिणाऱ्याने करारात ते शब्द आधी शोधावेत. दुसरी चूक वाटणीची. दोघांनी मिळून लिहिलं की कुणाचे किती टक्के हे त्याच दिवशी कागदावर घेऊन सह्या करायच्या. चार महिन्यांनी गाणं चाललं की प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो.

"आपल्याकडे उलट रचना," शर्वरी म्हणाली. "२०१२ च्या दुरुस्तीपासून सिनेमाचा गीतकार गाणं निर्मात्याला देऊ शकतो, पण थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी त्याला सोडूनच देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येते. अमेरिकेत सगळं सही करून टाकता येतं आणि पस्तीस वर्षांनी दार उघडतं. मला आपलं बरं वाटतं, कारण भाडं थकलेला माणूस पस्तीस वर्षं थांबत नाही."

हे मिलिंदलाही पटलं. पण एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत पचली नाही. दत्ताने सांगितलं की अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की स्टेशन एएससीएपी किंवा बीएमआय या हक्कसंस्थांमार्फत गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे देतं. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला काही नाही. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर ते मिळतात, साउंडएक्स्चेंज या संस्थेमार्फत: ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ साथीदारांना. एफएमवर शून्य.

"म्हणजे १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टनने 'बॉडीगार्ड' सिनेमासाठी डॉलीचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' म्हटलं," मिलिंद सावकाश म्हणाला, "सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. चौदा आठवडे पहिला नंबर. आणि एफएमवर वाजलं की पैसे डॉलीला, व्हिटनीला काही नाही?"

"काही नाही."

"मग हे चूक आहे, दत्ता. गाणं डॉलीचं, मान्य. पण १९७४ च्या आणि १९९२ च्या गाण्यात जे अंतर आहे ते व्हिटनीच्या फुफ्फुसातून आलंय. सिनेमा टीव्हीवर आला तर नटाला मिळतात, त्यासाठी संप झाला. गायकासाठी कोण बसलं?"

"विधेयक येतं," काका म्हणाले. "अमेरिकन म्युझिक फेअरनेस ॲक्ट. अमेरिकेच्या संसदेत पुन्हा पुन्हा येतं. रेडिओवाले म्हणतात, आम्ही फुकट जाहिरात करतो. कायदा अजून झालेला नाही."

शर्वरी म्हणाली, गायकाला द्या, पण गीतकाराच्या वाट्यातून नको. मिलिंद म्हणाला, स्टेशनच्या खिशातून. दत्ताने विटेचा तुकडा पुन्हा उचलला, पण तोवर दिवे लागून बराच वेळ झाला होता आणि सिमेंटवरचे आकडे दिसत नव्हते.