१८०७ला नेमकं काय बंद झालं? (एका कॉमेंटला उत्तर)

सर, एवढी सविस्तर कॉमेंट लिहिलीत, थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इंग्रजांनी १८०७लाच गुलामगिरी बंद केली, तीही पदरचे पैसे मोजून, फुल्यांनी त्यांचं कौतुक केलं, आणि मी उगाच खुसपटं काढतोय.

अहो, १८०७चा कायदा गुलामांच्या व्यापाराचा! आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणणं बंद, पण इंग्रजांच्या ताब्यातल्या जमैका बेटावर उसाच्या मळ्यात जो आधीच राबतोय तो तिथेच, आणि त्याच्या बाईला झालेलं पोरही मालकाचंच. १७८७ला लंडनमध्ये बारा जणांची जी गुलामगिरीविरोधी कमिटी झाली तिच्या नावातही फक्त व्यापारच होता, आधी एवढं तरी पदरात पाडून घेऊ असा हिशोब.

गुलामगिरी बंद करायचा कायदा आला १८३३ला. पैसे मोजले हे खरंय, २ कोटी पौंड, पण कुणाला? मालकांना! त्यासाठी गुलामांच्या रीतसर याद्या झाल्या, मुकादम वेगळा, कारागीर वेगळा, शेतात राबणारा वेगळा, सहा वर्षांखालची पोरं वेगळी, म्हातारे-आजारी वेगळे, आणि ज्याचा त्याचा रेट वेगळा. ज्यांची किंमत लावली त्यांना दमडी नाही, उलट 'अप्रेंटिस' (शिकाऊ) म्हणून आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट राबा, ते संपलं १८३८ला. मालकांना द्यायच्या पैशासाठी काढलेलं कर्ज ब्रिटनने पूर्ण फेडलं २०१५ला, म्हणजे लंडनला नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांचा टॅक्सही त्यात गेला असणार. कमाल आहे की नाही?

आणि इंग्रजांनी हे मनाच्या मोठेपणानं केलं म्हणाल तर, १८३१च्या डिसेंबरात जमैकात हजारो गुलामांनी काम टाकलं, मळे पेटवले, त्यांचा पुढारी सॅम्युअल शार्प १८३२च्या मे महिन्यात फासावर गेला आणि पुढच्याच वर्षी कायदा पास झाला. हे तुमच्या कॉमेंटमध्ये कुठेच नाही.

आपल्याकडचं तर विचारूच नका, १८३३च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख चक्क वगळलेला. १८४३ला कायदा आला तो एवढाच की कोर्ट गुलामावरचा मालकी हक्क मानणार नाही, माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं हा गुन्हा ठरला १८६०च्या पीनल कोडात.

राहिले जोतीराव. इंग्रजांबद्दल त्यांनी इतर ठिकाणी बरं लिहिलंय, नाही कोण म्हणतंय, पण १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आहे अमेरिकेतल्या लोकांना. पुस्तक घरात असेल तर पहिलंच पान उघडून बघा.