खोटेपणा गाडीत नाही, कागदात असतो

‘प्रतिकृती बाळगणारा लोकांना फसवतच असतो’ हे गाड्यांच्या प्रतिकृतींवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझ्याकडे ‘कोब्रा’ या जुन्या स्पोर्ट्स कारची फायबरग्लासची प्रतिकृती आहे. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो की कुणीतरी “ओरिजिनल हाय का ओ?” विचारतंच. मी लगेच ‘नाही’ म्हणतो आणि बॉडीवर टिचकी मारून बघायला सांगतो. 1962 पासूनच्या मूळ गाड्यांची बॉडी अॅल्युमिनियमची, तिचा आवाज पत्र्याचा. हिचा बद्द येतो. (लोहचुंबक लावून काही कळत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही.) तरी माणसं हौसेनं फोटो काढतात, पोरं स्टिअरिंग धरून बसतात. पहिली मूळ कोब्रा 2016 साली लिलावात 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर गेली. तिला असा हात कोण लावू देईल?

फसवणूक होते ती विकताना, चासी नंबर आणि कागदपत्रं खोटी केली की. त्यावर लेखात एक ओळही नाही. परगावची चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपवणाऱ्याचा आपल्याला राग येतो तो त्या लेबलामुळे. आणि मूळ कोब्रा बनवणाऱ्या खुद्द कॅरॉल शेल्बींच्या कंपनीनंही पुढे फायबरग्लास बॉडीच्या कोब्रा विकल्या. त्या घेणाऱ्यांनाही लेखक फसवे म्हणणार का?