उपटून बघू नकोस

समोर टॉवर उभा राहिल्यापासून परळच्या आमच्या गॅलरीत ऊन अकराला येतं आणि सव्वाअकराला मस्टरवर सही करून निघून जातं. जास्वंदीने केव्हाच मान टाकली. मोगरा नुसत्या पानांवर दिवस काढतोय. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत, जिथे तेवढंही ऊन नाही, तिथे इम्पेशन्स गुलाबी फुलांनी लगडलेलं! जळफळाट होणारच.

इम्पेशन्स म्हणजे, ज्या तेरड्याची आपण गौर आणतो, त्याचं पूर्व आफ्रिकेतलं भावंड. तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की फट्कन फुटून बी उडतं, म्हणून या सगळ्या घराण्याचं लॅटिन नाव 'उतावळे' असं पडलं. आपल्या तेरड्याचा रंग तीन दिवस. हे मात्र सावलीत महिनोन्‌महिने फुलतं.

काकूंनी ओल्या कागदात गुंडाळून तीन काड्या दिल्या. वीतभर, पाणीदार, उजेडात धरल्या तर आरपार दिसाव्यात अशा. "पेराच्या खाली काप. खालची पानं काढ, कळ्या-फुलं खुड, नाहीतर सगळा जोर फुलण्यात जातो. पाण्यात ठेव. मुळं यायला दोन आठवडे धर. आणि उपटून बघू नकोस."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं हे तेव्हा कळलं नाही.

एका काडीवरची फुलं खुडायला हात धजेना. जॅमच्या बाटलीत त्या सजवून ठेवल्या. बाटली काचेची, बाहेरूनही सगळं दिसत होतं. तरी ऑफिसला निघताना एकेक काडी वर काढून टोक बघायचो, आल्यावर परत. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून. "बाळंतपणालासुद्धा इतक्या चकरा मारल्या नव्हत्यास," बायको म्हणाली. सहाव्या दिवशी फुलवाली काडी खालून उकडलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत झाली. तिला गुपचूप केराची टोपली दाखवली. काकू जिन्यात भेटल्या तर "छान आहेत तिन्ही" म्हणालो.

बाराव्या दिवशी डासांच्या अळ्या तपासणारे दारात आले. फ्रिजमागचा ट्रे, एसीखालची बादली, सगळं तपासून गॅलरीत गेले. टॉर्च बाटलीवर रोखला.

"साहेब, हे काय?"

"कलम."

"कलम नाही, पाण्यात."

पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. बारा दिवस मी त्याच पाण्यात डोळे घालून बसलो होतो! मुळांच्या नादात पाणी बदलायचं राहून गेलं होतं. "मनीप्लांट असो नाहीतर काहीही, आठवड्यातून एकदा तरी पाणी ओतून, बाटली घासून घ्यायची," असं दरडावून त्यांनी बाटली गॅलरीच्या कोरड्या लादीवर उपडी केली आणि दोन्ही काड्या माझ्या हातात दिल्या.

"मुळं आलीत की," जाता जाता म्हणाले.

आली होती! खालच्या पेरातून पांढरी, शेवयांहून बारीक. सकाळी घाईत नीट बघायचं राहिलं तेवढंच. लगेच कुंडी भरली, माती भुसभुशीत ठेवली, मुळं तुटू नयेत म्हणून पेन्सिलीने भोक पाडून काड्या लावल्या.

आज पाचवा दिवस. एक ताठ उभी आहे, दुसरीने जरा मान टाकली आहे. उपटून बघितलेली नाही.

नुसती हलवून बघितली. दोनदा.