फायनल रेफ्रीनं फिरवली म्हणता? मग फ्रान्सच्या एम्बापेला दोन पेनल्ट्या कुणी दिल्या?

आधीच सांगून टाकतो, मी ब्राझीलवाला. कोल्हापुरात हे सांगितल्याशिवाय फुटबॉलवर तोंड उघडता येत नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नेमारचा कटआउट उभा होता. ९ डिसेंबरला क्रोएशियानं टायब्रेकरवर आमचा बाजार उठवला, आणि तो कटआउट उतरवायला दोन दिवस कुणी पुढं येईना. पलीकडच्या गल्लीतला मेस्सी मात्र हार घालून घेत होता. तेव्हा अर्जेंटिनाची वकिली करायची मला हौस नाही. पण एक मेसेज दर काही महिन्यांनी मोबाईलवर परत येतो आणि आमचीच पोरं तो मिटक्या मारत पुढं ढकलतात, म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: १८ डिसेंबरची लुसेलची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल पोलंडचा रेफ्री शिमॉन मार्चिनियाकनं अर्जेंटिनाला बहाल केली. पहिली पेनल्टी खोटी, मेस्सीचा जादा वेळेतला गोल नियमाबाहेरचा, आख्ख्या स्पर्धेत पाच पेनल्ट्यांची खैरात, आणि वर टायब्रेकरला गोलकीपरचा तमाशा. फिफाला कप मेस्सीलाच द्यायचा होता. पुराव्यादाखल नेदरलँड्सचे कोच लुई वान गाल यांचं नाव जोडलेलं असतं. २०२३ च्या सप्टेंबरात ते खरंच म्हणाले होते की हे सगळं आधीच ठरलेलं वाटतं. पण त्यांची टीम याच अर्जेंटिनाकडून हरून घरी गेली होती, हे मेसेजात नसतं.

सगळ्यात वजनदार मुद्दा मेस्सीच्या गोलचा आहे, तो आधी घेतो. १०८ वं मिनिट. अर्जेंटिनाच्या लौतारोचा फटका फ्रान्सचा गोलकीपर लॉरिसनं अडवला, परत आलेला बॉल मेस्सीनं आत ढकलला, फ्रान्सच्या कुंदेनं तो बाहेर मारला खरा, पण तोवर बॉल रेषा ओलांडून गेला होता. इथं मेसेजवाला ऑफसाइडचं काही म्हणत नाही. तो म्हणतो, बॉल आत जायच्या आधीच अर्जेंटिनाचे बदली खेळाडू उड्या मारत मैदानात आले होते, आणि फुटबॉलच्या नियमपुस्तकातल्या नियम ३ प्रमाणे असा गोल रद्द करून फ्रान्सला फ्री किक द्यायला हवी होती.

आता खरं बोलायचं तर त्या वेळच्या नियमाचं अक्षर बघितलं तर यात तथ्य आहे. गोल करणाऱ्या टीमचा जादा माणूस मैदानात आहे हे खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत रेफ्रीच्या ध्यानात आलं, तर गोल रद्द, असंच लिहिलेलं होतं. लेकिप या फ्रेंच क्रीडा दैनिकानं हे छापलं आणि फ्रान्समध्ये फायनल पुन्हा खेळवा म्हणून दोन लाखांवर लोकांनी सह्या केल्या. पण मार्चिनियाकनं पोलंडला परतल्यावर पत्रकारांसमोर खिशातून मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. एम्बापे गोल करतोय आणि फ्रान्सचे सात बदली खेळाडू मैदानात! मेसेजवाल्याची फूटपट्टी दोन्हीकडं लावा. एक गोल यांचा कापला, एक त्यांचा कापला, उरले २-२. म्हणजे फिरून टायब्रेकरच.

त्यातून, हा नियम कशासाठी आहे? बारावा माणूस आत घुसून खेळात हात घालू नये म्हणून. टचलाइनवर नाचणाऱ्यानं बॉलला हात लावला नाही, कुणाला अडवलं नाही. पुढं २०२३ मध्ये नियम करणाऱ्या मंडळानंच हे साफ केलं: जादा माणसाचा खेळावर काही परिणाम झाला का, ते बघायचं. आणि आमच्या शाहू स्टेडियमवर कधी येऊन बघा. गोल झाला की बेंच, पाणी देणारा, कोच आणि तालमीतले दोन-चार वस्ताद सगळे आतच असतात. जुनं अक्षर लावलं असतं तर कोल्हापूरच्या कितीतरी मॅचेस आजही ०-० च असत्या.

पहिली पेनल्टी. फ्रान्सचा डेम्बेले मागून आला आणि अर्जेंटिनाचा दी मारिया पडला. धक्का हलका होता, हे मी मान्य करतो. तिथं शिट्टी वाजली नसती तरी मी बोंब मारली नसती. पण हलका म्हणजे खोटा नव्हे. चकवलेला बचावपटू डीमध्ये मागून पाय घालतो, बॉलपर्यंत पोचत नाही आणि समोरच्याच्या पायाला लागतो, तेव्हा तो रेफ्रीच्या हातात शिट्टीच देतो. व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीनं, हा निर्णय बदलला नाही, कारण ढळढळीत चूक असल्याशिवाय तो बदलतच नाही.

आणि मेसेजवाल्याला एकच विचारतो. फायनलमध्ये पेनल्ट्या किती झाल्या? तीन. फ्रान्सला किती? दोन! ओतामेंदीनं कोलो मुआनीला पाडलं म्हणून एक, माँतिएलच्या कोपरावर बॉल लागला म्हणून दुसरी. ही दुसरी ११८ व्या मिनिटाला एम्बापेनं मारली, अर्जेंटिना ३-२ नं पुढं असताना, कप दोन मिनिटांवर असताना. विकला गेलेला रेफ्री अशा वेळी हँडबॉल दिसूनही आकाशातले तारे मोजेल. हा शिट्टी फुंकून मोकळा झाला.

त्याच्या चुका झाल्याच नाहीत, असं नाही. अर्जेंटिनाच्या आकुन्यानं केलेल्या फाउलवर त्यानं खेळ थांबवला आणि फ्रान्सची चांगली चाल मोडली, अॅडव्हान्टेज द्यायला, म्हणजे खेळ चालू ठेवायला हवा होता. ही चूक मेसेजात नाही, कारण ती शोधायला मॅच बघावी लागते. ती सांगितली कुणी? खुद्द मार्चिनियाकनं.

पाच पेनल्ट्यांचा आकडा बरोबर आहे. एका वर्ल्ड कपात एवढ्या कुणालाच मिळाल्या नव्हत्या. पोलंडविरुद्धची तर मलाही पटली नव्हती. गोलकीपरचा हात मेस्सीच्या तोंडाला नुसता चाटून गेला होता. पण ती त्याच गोलकीपरनं, श्चेन्स्नीनं अडवली, म्हणजे खैरात वाया गेली. आणि सौदी अरेबियाची मॅच कुठं गेली? पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून कापले आणि मॅच १-२ नं गेली. नेदरलँड्सविरुद्ध दहा मिनिटं जादा दिली आणि त्यातल्या शेवटच्या फ्री किकवर २-२ झालं. त्या रेफ्रीवर मॅचनंतर मेस्सी स्वतः उखडला होता. ठरवून कप द्यायचा तर एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

टायब्रेकरचं दोन वाक्यांत. अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझनं फ्रान्सच्या चुआमेनीच्या पेनल्टीआधी बॉल लांब फेकून दिला, हा आचरटपणाच होता, आणि पुढं त्याला पिवळं कार्डही दाखवलं. पण कोमानची पेनल्टी त्यानं झेप घेऊन अडवली आणि चुआमेनीनं बाहेर मारली. ४-२.

या सगळ्या गदारोळात जी गोष्ट बोलायची ती राहूनच जाते. फ्रान्सचे कोच देशाँ ती फायनल पहिल्या ४० मिनिटांत डावपेचात हरले होते. अर्जेंटिनाचे कोच स्कालोनींनी दी मारियाला नेहमीच्या उजव्या बाजूला न ठेवता डाव्या बाजूला सोडलं. कुंदे मुळात सेंटर-बॅक, आणि त्याच्या पुढं डेम्बेले, ज्याला तेव्हा मागं पळायचा कंटाळा होता. त्या कडेनं वाट मोकळी होती. पेनल्टी तिथूनच आली आणि ३६ व्या मिनिटाचा दुसरा गोलही दी मारियाचाच, चार-पाच स्पर्शांत मैदान ओलांडून. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा गोलवर एक फटका नाही. ४१ व्या मिनिटाला, म्हणजे हाफटाइमच्याही आधी, देशाँनी जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं. कोचनं स्वतःच्या हातानं दिलेला एवढा मोठा कबुलीजबाब फायनलमध्ये क्वचित बघायला मिळतो.

स्कालोनीही चुकले. ६४ व्या मिनिटाला दी मारियाला बसवलं आणि फ्रान्सचा जीव भांड्यात पडला. कोमान, कामाविंगा आले, मैदान मोकळं झालं आणि एम्बापेनं दीड मिनिटाच्या आसपास दोन गोल मारले. फायनलमध्ये हॅटट्रिक करून हरलेल्या त्या पोराबद्दल हळहळ वाटलीच पाहिजे. आम्ही ब्राझीलवाले तर त्या रात्री फ्रान्सच्याच बाजूनं ओरडत होतो.

म्हणून १२३ वं मिनिट मला अजून सलतं. लांबून आलेला बॉल, कोलो मुआनी एकटा, समोर फक्त मार्टिनेझ. फटका कडक होता, आणि त्यानं डावी तंगडी फाकवून तो अडवला. तिथं शिट्टी नव्हती, व्हीएआर नव्हता, बदली खेळाडू नव्हते. त्या तंगडीला कुठल्या नियमात बसवायचं, ते मेसेजवाल्यानं सांगावं.