बीपी उतरवावा, रजिस्टरात

डॉक्टरसाहेब, नवीन रुजू झालात, अभिनंदन. बीपीच्या पेशंटची सेवा सुधारा, असं वरून पत्र आलंच असेल. घाबरू नका. रजिस्टर आणि निळा पेन हाताशी असला की निम्मं काम झालं.

बीपी मोजायचाच तर घाईत मोजा. पुस्तकात लिहिलंय म्हणे, पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड उघडा अन् छातीच्या पातळीवर. मोजताना बोलू देऊ नका. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको. लिहिणाऱ्यानं बाजाराच्या दिवशीची ओपीडी पाहिली नसावी. मावशी वावरातून उन्हाची चालत आल्या, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांना उभ्यानंच पोलक्याच्या बाहीवरून पट्टा बांधा आणि हवा भरता भरता विचारा, "काय मावशी, पऱ्हाटी कशी आहे औंदा?" वरचा आकडा १६८ आला तर कापसाच्या भावाला दोष द्या आणि १३०/८० लिहून टाका. फार गुणी आकडा आहे हा. अख्ख्या गावाचा बीपी १३०/८० असला की चौकशीला कोणी येत नाही.

खरंच १६८ लिहिलात, तरी डोस वाढवू नका. "तेच चालू द्या" म्हणा. अम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीनं बीपी भागत नसेल तर टेल्मिसार्टनची दुसरी गोळी जोडायची वगैरे भानगडी २०१७ साली सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात निघाल्या. त्यात आपले वर्धा, भंडारा जिल्हेही घेतले होते. एकदम ३० दिवसांच्या गोळ्या द्या, हेही त्यांचंच. महिनाभर पेशंट फिरकला नाही तर ओपीडीचा आकडा कसा भरायचा? पाच दिवसांच्या द्या. निंदणाची मजुरी बुडवून येतील बिचारे, वेळ असतो त्यांना.

"आता बरं वाटून राह्यलं, म्हणून गोळी बंद केली," असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका. "डोकं दुखलं की या," एवढंच सांगा. वाढलेल्या बीपीनं बहुतेकांचं डोकं दुखत नाही, त्यामुळे गर्दीही होत नाही. गुडघे मात्र सगळ्यांचे दुखतात. त्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोका. त्यानं बीपी चढतो, पण पेशंट खूश होऊन जातो.

"मीठ कमी खा" हे सांगायचं आणि पुढच्याला हाक मारायची. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सगळं मिळून, असं फोड करून सांगत बसू नका. नाहीतर समोरची बाई विचारेल की भाजीला पैसे नसले की भाकरीसोबत मीठ-मिरचीशिवाय काय खायचं. याचं उत्तर कोणत्याच पत्रकात नाही.

गोळी चुकवणाऱ्यांची यादी आशाताईंना द्यायची राहिली तरी चालेल. त्यांच्याकडे आधीच इतके सर्व्हे आहेत, आणखी एक द्या.

आणि कोणाला लकवा मारलाच, तर १०८ बोलवून नागपूरला पाठवा. रेफरच्या चिठ्ठीत 'पेशंटने गोळी स्वतःहून बंद केली' हे तेवढं ठळक लिहा.